पदवीच्या पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस: नेमके काय बदलायला हवे?

प्रश्न: गणिताची अध्यापिका, ठाणे पश्चिम

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची रचना बदलल्यानंतर आमच्या अभ्यास मंडळाने पहिल्या दोन सत्रांची मांडणी नव्याने तपासायला घेतली आहे आणि कॅल्क्युलसच्या पेपरचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातली एक अडचण इथे मांडते, कारण या मंचावर गणित शिकवणारे, शिकणारे आणि नोकरीत प्रत्यक्ष वापरणारे असे सगळेच आहेत.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांची पाटी कोरी नसते. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर), त्याचे उपयोग, इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया), क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन (बदलाचा दर असलेले समीकरण) हे सगळे झालेले असते. बहुतेकांनी सीईटीही दिलेली असते. ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवण्याच्या सरावामुळे त्यांचा हात इतका बसलेला असतो की इंटिग्रेशन करत बसण्यापेक्षा चारही पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह काढून कोणता जुळतो ते पाहावे, हीदेखील युक्ती त्यांना ठाऊक असते.

असे असूनही सत्राच्या सुरुवातीला मी एक साधा आलेख फळ्यावर काढते तेव्हा वर्ग अडखळतो. पाम बीच रस्त्यावर दोन मोटारी एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघाल्या आहेत. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेग आहे. पहिल्या मोटारीचा वेग सुरुवातीला जास्त आहे, दुसरीचा हळूहळू वाढत जातो आणि एका क्षणी दोन्ही वक्र एकमेकांना छेदतात. त्या क्षणी कोणती मोटार पुढे आहे, असे मी विचारते. बरीच मुले सांगतात की तिथे दुसरी मोटार पहिलीला गाठते; खरे तर तिथे फक्त वेग सारखे होतात आणि पहिलीच पुढे असते. वेगाच्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे त्यांनी वाचलेले असते आणि त्यावर गुणही मिळवलेले असतात. पण आलेख समोर आल्यावर ते ज्ञान त्यांच्या कामी येत नाही.

अशा मुलांना आम्ही लगेचच लिमिटची, म्हणजे फंक्शन ज्या मूल्याच्या हवे तितके जवळ जाते त्या मूल्याची, काटेकोर एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या देतो. ती व्याख्या पाठ होते, ठरावीक चार प्रकारची उदाहरणे पाठ होतात आणि परीक्षा पार पडते. विभागातील काही सहकाऱ्यांचे मत असे आहे की ही व्याख्या दुसऱ्या वर्षाकडे ढकलावी. काहींना वाटते की संगणकावरचे प्रात्यक्षिक वाढवले की प्रश्न सुटेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की आशय कमी केला तर पुढे एम.एस्सी.ला जाणाऱ्या मुलांचे नुकसान होईल, आणि तेही मला खोटे वाटत नाही. वर्गात शंभरच्या आसपास मुले असतात आणि तासिका एका तासापेक्षा मोठी नसते, हे धरून चालावे. बदलाची सुरुवात अभ्यासक्रमाच्या यादीपासून करावी, शिकवण्याच्या पद्धतीपासून करावी, की आणखी कुठून?

प्रतिसाद: निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

मॅडम, आपण दिलेला मोटारींचा प्रश्न हेच आपल्या शंकेचे अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. तो प्रश्न आपण पहिल्या आठवड्यात विचारता. पण सत्रान्त परीक्षेत तो कधी विचारला आहे का? ज्या प्रश्नाला गुण नाहीत तो प्रश्न मुले मनोरंजन म्हणून ऐकतात. अनेक वर्षे पेपर काढल्यावर आणि तपासल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की आपल्याकडे खरा अभ्यासक्रम प्रश्नपत्रिकेत असतो, आणि अभ्यास मंडळाने छापलेली यादी ही केवळ त्याची प्रस्तावना असते. यादी कितीही बदलली आणि पेपर तोच राहिला, तर मुले मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवूनच अभ्यास करणार, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

अमेरिकेत हा सगळा वाद आपल्या खूप आधी झाला आहे. १९८६ च्या जानेवारीत टुलेन विद्यापीठात गणितज्ञांची एक परिषद भरली. कॅल्क्युलसचा पेपर फुगत गेला आहे आणि त्याचा जीव मात्र हरवला आहे, ही तिथली मुख्य चिंता होती. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये मोठे चर्चासत्र झाले आणि त्यानंतर तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने नव्या अभ्यासक्रमांना पैसा दिला. हार्वर्डभोवती जमलेल्या गटाने असा आग्रह धरला की प्रत्येक संकल्पना सूत्राने, आकड्यांनी आणि आलेखाने अशी तिन्ही अंगांनी मांडावी. पुढे त्यात शब्दांत मांडणीची भर पडली. हा विचार उत्तम होता. त्यावर टीकाही झाली, विशेषतः बीजगणितातला हात कच्चा राहतो आणि सिद्धता मागे पडतात, अशी. परंतु मला महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने २०१० साली पहिल्या कॅल्क्युलसची देशभर पाहणी केली, तेव्हा बहुतेक वर्गांत अजूनही शिक्षकाचे व्याख्यानच चालू असल्याचे दिसले, आणि विषय शिकून झाल्यावर मुलांचा गणितातला आत्मविश्वास आणि आवड दोन्ही घटल्याचे आढळले. म्हणजे चांगली पुस्तके येऊनही वर्गातला तास फारसा हलला नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी की मसुद्याचे काम उलट बाजूने करावे. आधी एक आदर्श प्रश्नपत्रिका लिहावी, ती सहकाऱ्यांना सोडवायला द्यावी आणि मग त्या प्रश्नपत्रिकेला लागेल तेवढा आशय यादीत घालावा. निम्मे गुण रीतीसाठी असू देत. रीत यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेल्या निम्म्यांत असे प्रश्न असावेत की ज्यांना तयार उत्तर पाठ करता येत नाही. उदाहरणार्थ, डेरिव्हेटिव्हचा आलेख द्यावा आणि मूळ फंक्शन कुठे वाढते, कुठे घटते, त्याचा आकार कुठे पालटतो हे कारणासह लिहायला सांगावे. किंवा असे म्हणावे: ठाण्याहून वाशीला गेलेल्या एका लोकलचा, थांबे धरून, सरासरी वेग ताशी ३८ किलोमीटर होता, वाटेत एका तरी क्षणी तिचा वेग नेमका ताशी ३८ किलोमीटर असलाच पाहिजे का, आणि असल्यास कशाच्या आधारावर तसे म्हणता येते? मीन व्हॅल्यू थिअरम, म्हणजे वाटेत एका तरी क्षणाचा दर सरासरी दराइतका असतोच हे प्रमेय, ज्याला समजले आहे तो हे चार ओळींत लिहील. ज्याने त्याची फक्त सिद्धता पाठ केली आहे त्याला हे तेच प्रमेय आहे हेसुद्धा ओळखता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि तिचा उपयोग आपण जवळजवळ करतच नाही. मुंबई विद्यापीठाच्या परंपरेत गणितालाही प्रॅक्टिकल असते. लहान तुकडी असते, वेळ वेळापत्रकात आधीच राखलेला असतो, जर्नल आणि तोंडी परीक्षा असते. या तासात बहुतेक ठिकाणी काय चालते? शिक्षक सोडवलेली उदाहरणे सांगतात आणि मुले ती जर्नलमध्ये उतरवतात. हाच तास जर चार-चार मुलांच्या गटांना एकेक न सोडवलेला प्रश्न देऊन चालवला, आणि शिक्षक गटागटांतून फिरत फक्त प्रश्न विचारत राहिला, तर एक पैसाही जास्त खर्च होणार नाही आणि कोणाची परवानगीही लागणार नाही.

व्याख्येच्या जागेबद्दल एवढेच म्हणतो की न्यूटनने हे गणित १६६० च्या दशकात उभे केले आणि लिमिटची काटेकोर मांडणी गणितज्ञ कोशी यांच्या हातून १८२१ मध्ये सुरू होऊन वायरस्ट्रास यांच्या काळात पूर्ण झाली. मधली दीडशेहून अधिक वर्षे माणसे डेरिव्हेटिव्ह वापरत होती, आणि चांगल्या प्रकारे वापरत होती. आपल्याकडे तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला, तो चंद्राची गती दिवसभरातही बदलते आणि दिवसाच्या सरासरीने तिथीचा शेवट बरोबर निघत नाही, या प्रत्यक्ष गरजेतून केला. आधी गरज भासावी आणि काटेकोरपणा तिच्यामागून यावा, हा क्रम मला मुलांसाठीही योग्य वाटतो.

प्रतिसाद: रिअल अ‍ॅनालिसिस शिकवणारा, नेरुळ

सरांच्या प्रश्नपत्रिकेविषयीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी नाही. इतिहासाचा क्रम हा शिकवण्याचा क्रम असलाच पाहिजे असे नाही. त्याच दीडशे वर्षांत, १७३४ साली, तत्त्वज्ञ बर्कली यांनी या गणिताच्या पायावर अत्यंत मर्मभेदी आक्षेप घेतले होते आणि त्यांचे समाधानकारक उत्तर त्यावेळी कोणाकडे नव्हते. न्यूटन किंवा ऑयलर यांच्यासारख्यांना पाया पक्का नसतानाही पाऊल कुठे टाकायचे ते कळत होते. आपल्या मुलांना ते कळेल हे गृहीत धरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मी तिसऱ्या वर्षाला शिकवतो. व्याख्या पुढे ढकलण्याची किंमत काय असते ते माझ्या वर्गात दिसते. लिमिट म्हणजे जिच्या जवळ जात राहायचे पण जिथे कधीच पोहोचायचे नाही अशी काहीतरी गोष्ट, ही समजूत तिसऱ्या वर्षापर्यंत टिकून असते. स्थिर क्रमिका, म्हणजे प्रत्येक पद ५ असलेली, कुठे जाते असे विचारले तर काही मुले तिला लिमिटच नाही असे म्हणतात, कारण ती आधीच तिथे बसलेली आहे. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विन्नर यांनी १९८१ साली हे नेमकेपणाने मांडले: विद्यार्थ्याला व्याख्या अचूक लिहिता येते आणि तरीही विचार करताना तो व्याख्येकडे न जाता मनात आधीच तयार असलेल्या प्रतिमेकडे जातो. ती प्रतिमा दोन वर्षे मुरू दिली तर ती काढणे आणखी अवघड होते.

मात्र आज आपण ती व्याख्या जशी देतो तशी देण्यात काही अर्थ नाही, हे मलाही मान्य आहे. आपण सुरुवातीलाच ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की’ हे वाक्य देतो. त्यात ‘प्रत्येक’ आणि ‘असतो’ यांचा क्रम का महत्त्वाचा आहे, हे अनुभवण्याची संधी मुलाला मिळालेली नसते. मी काही वर्षांपासून ब्रिज कोर्समध्ये, म्हणजे आधीची उणीव भरून काढणाऱ्या छोट्या वर्गात, आकड्यांपासून सुरुवात करतो. क्षचा वर्ग हे फंक्शन घ्या. क्ष २ च्या जवळ असताना उत्तर ४ च्या जवळ असते, हे सगळ्यांना पटते. आता उत्तर ४ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर हवे असेल, तर क्ष २ पासून किती अंतराच्या आत ठेवावा लागेल? मुले कॅल्क्युलेटर घेऊन शोधू लागतात. कोणीतरी ०.००२५ सांगतो. डावीकडे ते चालते, कारण १.९९७५ चा वर्ग ३.९९००० च्या किंचित पुढे येतो. उजवीकडे मात्र २.००२५ चा वर्ग ४.०१०००६२५ होतो, म्हणजे मर्यादा केसभर ओलांडली जाते. मग ०.००२४ वर एकमत होते. लगेच मी म्हणतो की आता मला ०.०१ ऐवजी ०.०००१ हवे आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर मुलेच विचारतात की दर वेळी नव्याने शोधण्यापेक्षा कोणत्याही मागणीला पुरेल असा नियम काढता येणार नाही का. त्या क्षणी व्याख्या फळ्यावर लिहिली तर ती त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. यासाठी लिमिटचा विषय दुसऱ्या वर्षात नेण्याची गरज नाही. त्याला फक्त दोन तासिका जास्त द्याव्या लागतात.

त्या दोन तासिका कुठून आणायच्या? इंटिग्रेशनच्या रीतींमधून, असे माझे स्पष्ट मत आहे. बारावीत जे झाले आहे आणि आज मोबाइलवरचे साधे सॉफ्टवेअरही जे करते, ते पदवीला पुन्हा त्याच विस्ताराने करण्याचे कारण मला दिसत नाही. पार्शल फ्रॅक्शनचे (अपूर्णांकाचे तुकडे करून इंटिग्रेशन करण्याच्या रीतीचे) सहा प्रकार कमी झाले म्हणून कोणाचे एम.एस्सी. अडत नाही.

आणखी एक मुद्दा अभ्यास मंडळापुढे मांडावा. नव्या रचनेत गणित मुख्य विषय म्हणून घेणारा आणि गौण किंवा खुला विषय म्हणून घेणारा असे वेगळे विद्यार्थी आहेत. भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या मुलीला बदलाचा दर, साठा आणि डिफरन्शियल इक्वेशन लवकर हवे असतात; गणिताच्या मुलीला त्यांच्याबरोबरच सिद्धताही हव्या असतात. दोघींना एकाच पेपरात बसवून आपण आजवर दोघींनाही अर्धे दिले आहे. आता दोन पेपर करणे शक्य आहे, तर ते करावेत.

प्रतिसाद: जलनिस्सारण अभियंता, सीबीडी बेलापूर

मी शिक्षक नाही, पण कॅल्क्युलसने माझे पोट भरते, म्हणून लिहितो. साठा आणि दर यांचा उल्लेख वर आला आहे. त्यासाठी आपल्या दारातले एक उदाहरण मॅडमना सुचवावेसे वाटते.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरतीच्या वेळी खाडीची पातळी वर येते आणि पावसाचे पाणी आपोआप बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून सिडकोने शहर वसवताना होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव, बांधले. खाडीची पातळी वाढली की तलावाच्या तोंडावरची झडप बंद होते, नाल्यांतून येणारे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडप उघडून ते बाहेर जाते. विद्यार्थ्याला फक्त एवढेच विचारा की तलावातील पाण्याची पातळी सर्वांत जास्त कधी असेल. बहुतेक जण म्हणतील, पाऊस सर्वांत जोरात असेल तेव्हा. ते चूक आहे. पावसाचा जोर ओसरू लागला तरी आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी वाढतच राहते. ती सर्वोच्च होते ते येणारा आणि जाणारा प्रवाह सारखे होतात त्या क्षणी. पुस्तकात आपण डेरिव्हेटिव्ह शून्य असते तिथे कमाल मूल्य शोधतो, ते हेच. २००० साली लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाहाचे आलेख देऊन साठ्याचा आलेख काढायला सांगितला होता, आणि गणिताची चांगली तयारी असलेल्यांपैकीही पुष्कळांना तो नीट काढता आला नव्हता. तेव्हा आपली मुले चुकली तर त्यात त्यांची बुद्धी कमी आहे असे कोणी समजू नये. ही गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते.

प्रॅक्टिकलसाठी आकडे हवे असतील तर हे कल्पित, पण वास्तवाला धरून असलेले आकडे घ्या. पाणलोट क्षेत्र २०० हेक्टर, पाऊस तासाला ५० मिलिमीटर, त्यातले ७० टक्के पाणी वाहून तलावात येते. म्हणजे तासाला ७०,००० घनमीटर. झडप ३ तास बंद राहिली तर २,१०,००० घनमीटर पाणी जमले, आणि तलावाचे क्षेत्रफळ २० हेक्टर असेल तर पातळी साधारण १.०५ मीटर वाढली. इथपर्यंत नुसता गुणाकार-भागाकार आहे. आता पाऊस स्थिर नाही असे म्हणा आणि दर पंधरा मिनिटांची नोंद द्या. इंटिग्रल ही बेरीज म्हणून समोर येईल. मग तलावाचे काठ उतरते आहेत असे सांगा, म्हणजे क्षेत्रफळ पातळीनुसार बदलेल आणि डिफरन्शियल इक्वेशन लिहावे लागेल. शेवटी तळाशी गाळ साचून तलावाची खोली कमी झाली आहे असे सांगा आणि किती पाऊस झाल्यावर पाणी रस्त्यावर येईल ते विचारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता; त्या दिवसाची सरासरी काढून आणि तो पाऊस काही तासांतच पडला असे धरून, दोन्ही प्रकारे उत्तर काढायला लावले, तर सरासरी दर आणि क्षणाचा दर यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

माझ्याकडे काम करायला येणारे नवे अभियंते एम-१, एम-२ (अभियांत्रिकीचे गणिताचे पेपर) उत्तीर्ण झालेले असतात, काहींना आधी केटीही लागलेली असते, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागलेला असतो. केटी लागलेला आणि न लागलेला यांच्यात हा तलावाचा प्रश्न सोडवताना मला सहसा फरक दिसत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद: बी.एस्सी. द्वितीय वर्ष, कळवा

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. आमच्या महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, पण वर सरांनी जर्नलबद्दल लिहिले आहे ते अगदी खरे आहे. पहिल्या सत्रात आम्ही जर्नल पूर्ण केले, सही घेतली आणि तोंडी परीक्षेत पाठ केलेली व्याख्या सांगितली.

दुसऱ्या सत्रात एका नव्या मॅडमनी प्रॅक्टिकलला गट केले. आम्हाला एक वाकडातिकडा आलेख दिला होता, ज्याला कोणतेही सूत्र नव्हते, आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख हाताने काढायचा होता. सूत्रच नाही तर डेरिव्हेटिव्ह कसे काढायचे, असे आमच्या गटातल्या सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या मुलाने विचारले. मी पट्टी आलेखावर स्पर्शिकेसारखी ठेवून ती हळूहळू सरकवत गेले आणि तिचा उतार कुठे वाढतो, कुठे शून्य होतो ते सांगत गेले. आम्ही आपसात मराठीत बोलत होतो, त्यामुळे मला पहिल्यांदाच वाद घालता आला. वर्गात इंग्रजीत शंका विचारायची म्हटले की मी आधी वाक्य जुळवत बसते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. गटात बोलताना भाषेची सक्ती नसावी, एवढी विनंती करते. उत्तर आम्ही इंग्रजीतच लिहू, त्याची अडचण नाही.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवे की आमच्यातल्या अनेकांना ती पद्धत आवडली नव्हती. मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात, अशी तक्रार विभागप्रमुखांकडे गेली होती, आणि परीक्षेत तसे प्रश्न आलेच नाहीत, त्यामुळे तक्रार करणाऱ्यांनाच आपण बरोबर होतो असे वाटले.

प्रतिसाद: निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

बाळ, तू लिहिलेल्या शेवटच्या परिच्छेदासाठी तुझे मनापासून आभार. अशा तक्रारीने नव्या शिक्षिकेचा धीर खचतो आणि ती पुढच्या सत्रात मुकाट्याने खडू हातात घेते, हे मी पाहिले आहे. म्हणून विभागप्रमुखांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१९ साली हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या प्रयोगात असे दिसले की उत्तम व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असे वाटत होते, आणि गटात प्रश्न सोडवलेल्या मुलांना कमी शिकल्यासारखे वाटत होते. चाचणीत मात्र दुसऱ्या गटातली मुले पुढे होती. कष्ट पडले म्हणजे समजले नाही, असा मुलांचा समज होतो. पहिल्याच दिवशी हा प्रयोग वर्गाला सांगावा, म्हणजे मुले तक्रार करण्याआधी थोडा विचार करतील.

एकूण पुरावाही आता पुरेसा आहे. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नापास होण्याचे प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आणि मुलांना प्रत्यक्ष कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के निघाले. ते अभ्यास नाना विषयांचे होते, हा आक्षेप कोणी घेतला तर फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाचे काम दाखवावे. तिथे कॅल्क्युलसच्याच तुकड्यांत मुलांची वाटणी यादृच्छिक पद्धतीने करून तुलना केली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेही याच बाजूचे आहेत.

शंभर मुलांच्या वर्गाचे काय, हा मॅडमचा प्रश्न राहून गेला होता. एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये १९९१ पासून मोठ्या वर्गातच जी पद्धत वापरली ती आपल्याला जशीच्या तशी घेता येईल: पर्यायांचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तराचे कार्ड वर करायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा कार्ड वर करायचे. मोटारींचा प्रश्न यासाठी नामी आहे. त्याला सात-आठ मिनिटे लागतील. तासाला असा एक प्रश्न पुरे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गणिताची अध्यापिका, ठाणे पश्चिम

सर्वांचे आभार. मंडळाच्या बैठकीत मी आता यादीऐवजी प्रश्नपत्रिकेचा नमुना घेऊन जाणार आहे, आणि त्यात निम्मे गुण रीतीला, निम्मे अर्थ लावण्याला असतील. नेरुळच्या सरांची आकड्यांपासून व्याख्येकडे जाणारी मांडणी मी स्वीकारते. एप्सिलॉन-डेल्टा पहिल्याच वर्षात राहील, पण मुख्य विषयाच्या पेपरात, आणि गौण विषयाचा पेपर वेगळा असेल. इंटिग्रेशनच्या रीती कमी करण्यावरून वाद होईल हे मला दिसते आहे, पण तो वाद करण्याची माझी तयारी आहे. कळव्याच्या विद्यार्थिनीची विनंती तर मी उद्यापासूनच अमलात आणू शकते.

बेलापूरच्या सरांना एक विचारते. धारण तलावाचे प्रॅक्टिकल मला दोन तासांत बसवायचे आहे. भरती-ओहोटीची पातळी मुलांना आकड्यांच्या तक्त्यातून द्यावी, की साइनच्या वक्राने दाखवावी? साइन घेतले तर सूत्र हाताशी येते, पण मग मुले आलेख न पाहता पुन्हा सूत्राच्या मागे लागतील अशी भीती वाटते.

प्रतिसाद: जलनिस्सारण अभियंता, सीबीडी बेलापूर

मॅडम, आधी तक्ता द्या. आपल्या किनाऱ्यावर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि लागोपाठच्या दोन भरतींची उंची सारखी नसते, त्यामुळे एकच साइनचा वक्र प्रत्यक्षाला नीट बसत नाही. मुलांनी तक्त्यावरून आलेख काढावा, त्यावर तलावाच्या पातळीची रेघ ओढावी आणि झडप कधी बंद होईल, कधी उघडेल ते छेदबिंदूंवरून वाचावे. हे पहिल्या तासात होईल. दुसऱ्या तासात पंधरा-पंधरा मिनिटांची बेरीज करून साठ्याचा आलेख काढता येईल. साइनचा वक्र घरी करायला द्या आणि तक्त्यापासून तो कुठे आणि किती ढळतो ते लिहून आणायला सांगा. झडप बंद असतानाची तलावाची पातळी आधी स्थिर धरायची की वाढती, हा प्रश्न गटांमध्ये नक्की उठेल. तो त्यांनाच सोडवू द्यावा, कारण प्रत्यक्ष आराखडा करताना आम्हीही सर्वांत जास्त वेळ त्याच प्रश्नावर घालवतो.